नॉटिंगहॅमचा किल्ला: जळालेला वाडा आणि गावाचे संग्रहालय

भारतातून आई-वडील आले, की त्यांना कुठे कुठे न्यायचे याची यादी मिडलंड्समधल्या बहुतेक मराठी घरांत तयारच असते. त्या यादीत नॉटिंगहॅमचा किल्ला बराच वर असतो. नाव मोठे, रेल्वेने जायला सोपे, आणि रॉबिन हुडची गोष्ट लहानपणी सगळ्यांनीच वाचलेली. पण टेकडी चढून वर पोचल्यावर जवळजवळ प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो, "अहो, पण किल्ला कुठे आहे?"

प्रश्न अगदी रास्त आहे. राजगड-प्रतापगड पाहिलेल्या डोळ्यांना किल्ला म्हणजे बुरूज, तट, महादरवाजा. इथे खाली एक जुना दरवाजा लागतो खरा, पण वर गेल्यावर हिरवळ, फुलांचे ताटवे आणि त्यांच्या पलीकडे एक चौकोनी, सपाट माथ्याचा दगडी वाडा. एखाद्या जुन्या सरकारी कचेरीसारखा. मुलांचे चेहरे पडतात, आणि मोठी माणसे फोटो काढून चहाची जागा शोधू लागतात.

आम्हीही पहिल्या खेपेला तेच केले होते. नंतर पुन्हा पुन्हा जाणे झाले, वाचणे झाले, आणि लक्षात आले की "किल्ला कुठे आहे?" या प्रश्नाचे उत्तर हीच इथली सर्वांत मोठी गोष्ट आहे. शिवाय आत एका दालनात आपल्या मराठी माणसांशी थेट संबंध असलेला एक धागा आहे, त्याच्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. म्हणून हा लेख. जाण्याआधी वाचून ठेवावा, निदान गाडीत बसल्यावर तरी कोणीतरी मोठ्याने वाचावा.

खडक आणि त्याच्या पोटातल्या वाटा

किल्ल्याचा खडक आजूबाजूच्या सपाटीपासून सुमारे ४० मीटर उंच आहे. आपल्या सह्याद्रीच्या मानाने ही टेकडीसुद्धा नव्हे, पण दक्षिणेकडे कडा सरळ तुटलेला आहे आणि समोर ट्रेंट नदीचे सपाट खोरे पसरलेले आहे. इंग्लंड जिंकल्यानंतर दोनच वर्षांत, म्हणजे १०६८ साली, विल्यम राजाने इथे लाकडी किल्ला उभारायला लावला तो याच कारणासाठी. पुढच्या शतकात दुसऱ्या हेन्रीने तो दगडात बांधून काढला आणि उत्तर-दक्षिण वाटेवरचा हा एक महत्त्वाचा राजकिल्ला झाला.

खडक आहे वालुकाश्माचा, म्हणजे घट्ट झालेल्या वाळूचा. आपला काळा बेसाल्ट फोडायला सुरुंग लावावा लागतो, हा दगड मात्र साध्या पहारीने कोरता येतो आणि कोरला तरी ढासळत नाही. त्यामुळे नॉटिंगहॅमच्या लोकांनी शेकडो वर्षे जमिनीखाली खोदकाम केले. तळघरे, दारूचे कोठार, चामडे कमावण्याचे हौद, राहती घरे, दुसऱ्या महायुद्धात विमानहल्ल्यापासून आसरा, सगळे काही गुहांत. शहराखाली नोंद झालेल्या अशा मानवनिर्मित गुहा ८०० पेक्षा जास्त आहेत. किल्ल्याच्या खडकातही आहेत, आणि त्यांतल्या एकीचे नाव आहे मॉर्टिमर्स होल.

ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. १३२७ साली इंग्लंडच्या दुसऱ्या एडवर्डला पदच्युत करण्यात आले. हे घडवून आणले त्याची स्वतःची राणी इझाबेला आणि तिचा साथीदार रॉजर मॉर्टिमर यांनी. गादीवर बसवला चौदा वर्षांचा मुलगा, तिसरा एडवर्ड, पण कारभार सगळा मॉर्टिमरच्या हातात. राजा वाढत होता तसा त्याला हा जाच सहन होईना. ऑक्टोबर १३३० मध्ये दरबारासाठी सगळे नॉटिंगहॅमला जमले. मॉर्टिमर आणि राणी किल्ल्यात, दरवाजे बंद, पहारे कडक. पण किल्ल्याच्या व्यवस्थेवर असलेल्या विल्यम इलंडला खडकातली एक चोरवाट ठाऊक होती. १९ ऑक्टोबरच्या रात्री राजाचे काही विश्वासू साथीदार त्या वाटेने वर आले आणि मॉर्टिमरला पकडले. २९ नोव्हेंबरला लंडनमध्ये टायबर्न येथे त्याला फाशी दिली. तिसरा एडवर्ड तेव्हा अठरा वर्षांचा नुकताच झाला होता. पुढे त्याने १३७७ पर्यंत राज्य केले.

आज जी वाट मॉर्टिमर्स होल म्हणून दाखवतात ती नेमकी तीच का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. ते असोत. भुयार खरे आहे, पायऱ्या खऱ्या आहेत आणि चढताना लागणारा दमही खरा आहे. ही फेरी मार्गदर्शकाबरोबरच करता येते. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि बाबागाडीवाल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

रॉबिन हुडबद्दल थोडेसे

बाहेर रस्त्यावर धनुष्य ताणून उभा असलेला रॉबिन हुडचा पुतळा १९५२ सालचा, शिल्पकार जेम्स वुडफोर्ड. त्याचा बाण इतक्या वेळा चोरीला गेला आहे की गावात तो एक विनोदच झाला आहे. रॉबिन हुड नावाचा माणूस खरोखर होऊन गेला का, याचा पुरावा नाही. जुन्या कवनांमधल्या बऱ्याच घटना तर शेरवूडच्या जंगलात नसून उत्तरेला यॉर्कशरमधल्या बार्न्सडेल भागात घडतात. नॉटिंगहॅमचा शेरीफ मात्र त्यांत आहे.

इतिहासाला धरून सांगायचे तर, सिंहहृदयी म्हणवणारा रिचर्ड राजा कैदेतून सुटून परत आला तेव्हा त्याचा भाऊ जॉन याच्या माणसांनी हा किल्ला धरून ठेवला होता. मार्च ११९४ मध्ये रिचर्डने स्वतः वेढा घातला. किल्ल्यातल्या लोकांना दिसेल अशा जागी वधस्तंभ उभारून त्याने पकडलेल्या काही सैनिकांना फाशी दिले, आणि तीन-चार दिवसांत किल्ला घेतला. सिनेमात दाखवतात तो प्रेमळ राजा आणि हा राजा, यांत बरेच अंतर आहे. वेढा आटोपल्यावर तो शेरवूडचे जंगल पाहायला गेला, एवढी नोंद मात्र सापडते.

मुलांसाठी आत रॉबिन हुडचे वेगळे दालन आहे, बाहेर खेळायची जागाही आहे. आमचा अनुभव असा, की मुलांना आधी तिथे नेऊन मोकळे करावे आणि मग वाड्यात शिरावे. उलट क्रमाने गेलात तर "आता खेळायला कधी?" हे दर पाच मिनिटांनी ऐकावे लागते.

मग किल्ला गेला कुठे?

२२ ऑगस्ट १६४२ रोजी पहिल्या चार्ल्स राजाने पार्लमेंटविरुद्ध युद्ध पुकारल्याची खूण म्हणून आपले निशाण नॉटिंगहॅममध्येच उभारले. इंग्लंडच्या यादवीची औपचारिक सुरुवात इथली. वाऱ्याने निशाण खाली पाडले आणि लोकांनी तो अपशकुन मानला, असे तेव्हाचे लोक लिहून गेले आहेत. राजा पुढे निघून गेला आणि किल्ला पार्लमेंटच्या ताब्यात गेला. युद्धभर कर्नल जॉन हचिन्सन याने तो राखला. युद्ध संपल्यावर असा किल्ला पुन्हा कोणाच्या हाती लागू नये म्हणून १६५१ साली तो पाडून टाकण्यात आला. म्हणजे आपल्याला जो किल्ला दिसत नाही, तो पावणेचारशे वर्षांपूर्वीच गेला. उरले ते खालचा तेराव्या शतकातला दरवाजा (त्याचीही नंतर बरीच डागडुजी झाली), तटाचे काही तुकडे आणि बुरुजांचे पाये.

राजेशाही परतल्यानंतर न्यूकॅसलचा ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश याने ही जागा घेतली. १६७४ साली, वयाच्या ऐंशीनंतर, त्याने जुन्या किल्ल्याच्या जागी इटालियन धर्तीचा वाडा बांधायला काढला. दोन वर्षांत तो वारला आणि १६७९ साली मुलाने काम पूर्ण केले. आज समोर दिसणाऱ्या चौकोनी भिंती त्या वाड्याच्या.

१० ऑक्टोबर १८३१

आता या जागेची मुख्य गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉटिंगहॅम हे विणकरांचे गाव होते. मोजे आणि लेस विणणारे हजारो कारागीर दाटीवाटीच्या, अंधाऱ्या वस्त्यांत राहत. गावाभोवतीची मोकळी जमीन बांधकामाला मिळत नसल्याने त्याच जागेत घरांवर घरे चढत होती. यांतल्या बहुतेकांना मताचा अधिकार नव्हता. पार्लमेंटच्या जागांची वाटणी जुनाट होती. काही ओसाड खेड्यांना दोन-दोन प्रतिनिधी आणि वाढत्या औद्योगिक शहरांना एकही नाही, अशी अवस्था. ती बदलण्यासाठी सुधारणा विधेयक आले.

तेव्हाचा चौथा न्यूकॅसल ड्यूक या विधेयकाचा कट्टर विरोधक. शेजारच्या न्यूअर्कमध्ये आपल्या इच्छेविरुद्ध मत देणाऱ्या कुळांना त्याने १८२९ साली घराबाहेर काढले होते, आणि माझ्या मालमत्तेचे मी काहीही करीन अशी त्याची भूमिका होती. नॉटिंगहॅमचा वाडा त्याचाच. तो तिथे राहत नव्हता, पण गावाच्या डोक्यावर रोज दिसत होता.

८ ऑक्टोबर १८३१ रोजी उमरावांच्या सभागृहाने विधेयक फेटाळले. बातमी गावात आली आणि लोक बाजारचौकात जमू लागले. सोमवारी, १० तारखेला, सभा झाली, आणि संध्याकाळी जमाव टेकडी चढून वाड्यात घुसला. लाकडी तक्तपोशी, दारे, जिने, सगळ्याला आग लावली. रात्रभर वाडा जळत होता आणि सगळे गाव खालून बघत होते. दुसऱ्या दिवशी जवळच्या बीस्टनमधली रेशमाची गिरणी जाळली गेली.

सरकारने अर्थातच हिशेब चुकता केला. दंगलीच्या खटल्यांनंतर फेब्रुवारी १८३२ मध्ये तीन जणांना फाशी झाली. पण वाडा जाळल्याबद्दल कोणावरही गुन्हा शाबीत झाला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये सुधारणा कायदा मंजूर झाला. मजुराला त्याने मत दिले नाही, ते मिळायला आणखी अनेक दशके गेली, पण वाट खुली झाली. ड्यूकला नुकसानभरपाईचे २१,००० पौंड मिळाले. त्याने त्यातून वाडा दुरुस्त केला नाही. छप्पर नसलेल्या काळ्या भिंती त्याने तशाच गावाच्या डोक्यावर उभ्या ठेवल्या. चाळीसहून अधिक वर्षे!

शेवटी नगरपालिकेने ही जागा ड्यूकच्या वारसांकडून भाडेपट्ट्याने घेतली. थॉमस चेंबर्स हाइन या स्थानिक वास्तुविशारदाने जळक्या भिंतींच्या आत नवी दालने बांधली, आणि १८७८ साली युवराजाच्या हस्ते संग्रहालय उघडले. लंडनबाहेरचे हे पहिले नगरपालिकेचे कलासंग्रहालय. उद्देश अगदी व्यवहारी होता. लेसच्या कारखान्यांतल्या कारागिरांनी आणि नक्षीकारांनी उत्तम नमुने डोळ्यांनी पाहावेत, त्यातून गावाचा धंदा सुधारावा. ज्यांच्या आजोबांनी वाडा जाळला, त्यांची नातवंडे रविवारचे कपडे घालून त्याच वाड्यात चित्रे बघायला येऊ लागली. वाड्याची पडझड आणि जुन्या इमारतीच्या खुणा बाहेरून चक्कर मारताना अजून शोधता येतात, त्यासाठी दहा मिनिटे राखून ठेवावीत.

आत काय पाहावे

सगळे पाहायचा हट्ट धरू नये. आम्ही तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, लेस. कापड विणण्याच्या चौकटीचा शोध १५८९ साली जवळच्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली याने लावला असे मानतात. मोजे विणणारी ती चौकट सुधारत सुधारत १८१३ च्या सुमारास जॉन लीव्हर्सच्या यंत्रापर्यंत मजल गेली आणि हाताने महिनोन्महिने लागणारी लेस यंत्रावर निघू लागली. या यंत्रातली पितळी बॉबिन नाण्यासारखी पातळ असते. कारण ती उभ्या धाग्यांच्या मधून मागेपुढे जाते आणि धाग्याला पीळ घालते. आजीने क्रोशाने विणलेले रुमाल ज्यांच्या घरात अजून आहेत त्यांनी इथे जरा वेळ काढावा. यंत्र हाताची किती हुबेहूब नक्कल करते आणि कुठे फसते, हे बघण्यात मजा आहे.

दुसरी, अलाबास्टरचे कोरीवकाम. डर्बीशर-स्टॅफर्डशर भागात सापडणाऱ्या या मऊ, दुधी दगडात नॉटिंगहॅमचे कारागीर चौदाव्या शतकापासून ख्रिस्ती देवतांच्या आणि संतांच्या मूर्ती कोरत, आणि त्या युरोपभर जात. धर्मसुधारणेच्या लाटेत इंग्लंडमधल्या चर्चमधून मूर्ती काढून फोडण्याचा हुकूम झाला आणि सोळाव्या शतकात हा धंदाच बुडाला. मूर्तिभंजनाचा हा प्रकार इंग्रजांनी स्वतःच्या देवांच्याही बाबतीत केला होता, हे आमच्याबरोबरच्या एका आजोबांना इतके नवल वाटले की ते त्या कपाटापुढून हलेनात. शेजारी तपकिरी चकाकीची मिठाची भांडी आहेत. मिठाची म्हणजे मीठ ठेवायची नव्हेत. भट्टी पुरेशी तापली की तिच्यात मीठ टाकत, त्याची वाफ मातीवर बसून काचेसारखा थर येई. लोणच्याच्या जुन्या बरणीची आठवण हमखास येते.

तिसरी, बंडाचे दालन. १३३०, १६४२, १८३१, आणि १८११ पासून सुरू झालेली लुडाइट चळवळ, म्हणजे मजुरी पाडणाऱ्या मालकांच्या चौकटी रात्री फोडणारे विणकर, हे सगळे इथे एकत्र मांडले आहे. चौकट फोडल्याबद्दल फाशीची तरतूद करणारे विधेयक १८१२ मध्ये आले, तेव्हा कवी बायरनने उमरावांच्या सभागृहातले आपले पहिले भाषण त्याच्या विरोधात केले. बायरनचे घर न्यूस्टेड ॲबी इथून १५-२० किलोमीटरवर. आपल्या शाळकरी मुलांना इंग्लंडचा इतिहास म्हणजे राजा-राण्यांची यादी वाटत असेल, तर त्यांना या दालनात सोडून द्यावे.

मेंढा, पदके आणि ग्वाल्हेर

आता तो मराठी धागा. वाड्यात या भागातल्या पलटणीचे, म्हणजे शेरवूड फॉरेस्टर्सचे संग्रहालय आहे. बहुतेक जण तिथे कॅप्टन अल्बर्ट बॉल या नॉटिंगहॅमच्या वैमानिकाचे नाव वाचतात. पहिल्या महायुद्धात ४४ हवाई विजय मिळवून तो मे १९१७ मध्ये विसाव्या वर्षी मेला, आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बागेत त्याचा पुतळा आहे. आईवडिलांना वाचून गलबलून येते, आणि मंडळी पुढे निघतात.

पण ही पलटण १८८१ साली दोन जुन्या पलटणी जोडून तयार झाली: नॉटिंगहॅमशरची ४५ वी आणि डर्बीशरची ९५ वी. यातली ९५ वी १८५८ साली मध्य भारतात होती. मार्च १८५८ च्या अखेरीस राजस्थानातले कोटा शहर बंडवाल्यांकडून घेणाऱ्या फौजेत ती होती. पलटणीची परंपरा सांगते, की तिथे एका देवळाच्या आवारात बांधलेला एक दांडगा एडका अधिकाऱ्याच्या नजरेस पडला आणि त्याने तो सोडवून आणायला लावला. त्याचे नाव ठेवले डर्बी. हा एडका पलटणीबरोबर मध्य भारतात जवळजवळ तीन हजार मैल चालला. दुसऱ्या एडक्यांशी लावलेल्या झुंजींत तो कधी हरला नाही असे सांगतात. आणि १८६२ साली पुण्यात, पलटणीला बंडातल्या कामगिरीची पदके वाटली गेली त्या संचलनात, सैनिकांबरोबर या एडक्यालाही पदक मिळाले! पुढल्या वर्षी तो विहिरीत पडून मेला. तेव्हापासून पलटणीत एकामागून एक डर्बी येत राहिले. २००७ साली पलटण मर्शियन रेजिमेंटमध्ये विलीन झाली तरी एडक्याचा मान चालू राहिला.

मुले हे ऐकून खूष होतात. आम्हीही झालो. पण कोटा आणि पुणे यांच्या मध्ये ही पलटण कुठे होती ते पाहिले, की हसू जरा थांबते. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराई येथे (हे वरच्या कोटा शहरापासून वेगळे ठिकाण) ब्रिगेडियर स्मिथच्या फौजेने हल्ला केला. त्या फौजेत ९५ वी पलटण होती. समोर होती तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीची राणी यांची सेना. लढाईत राणी लक्ष्मीबाई पडली. ज्या घोडदळाच्या हल्ल्यात ती पडली ते ८ व्या हुसार्सचे, ९५ व्या पायदळाचे नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण मैदान तेच, दिवस तोच, आणि पुण्यात वाटलेली पदके त्याच मोहिमेची. राणी माहेरची तांबे, सासरचे नेवाळकर घराणे मूळ रत्नागिरीकडचे. तात्या टोपे येवल्याचे.

आम्ही इथे ब्रिटनमध्ये राहतो, इथेच मुले शाळेत जातात, मनगटावर पॉपीच्या दिवसांत खड्यांचा बिल्ला नसला तरी कोटावर कागदी पॉपी लावतात. त्यांना या दालनात काय सांगायचे? पदके बघून नुसते "वा" म्हणून पुढे जायचे, की आपल्या राणीला मारणारे हेच म्हणून तोंड फिरवायचे? आमच्यात यावर बरीच चर्चा झाली आणि एकमत झाले नाही. एकीचे म्हणणे, इतक्या लहान वयात मुलांच्या मनात दुही नको. दुसऱ्याचे म्हणणे, लपवले तर मोठेपणी आपल्यालाच विचारतील. आम्ही शेवटी करतो ते असे: आधी बंडाचे दालन, नंतर पलटणीचे. आपल्या हक्कासाठी उठलेल्या माणसाला एका दालनात काय म्हटले आहे आणि दुसऱ्या ठिकाणी काय म्हटले जाते, ते मुलांनीच पाहावे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना सांगावे लागत नाही, ती स्वतःच विचारतात. तेव्हा १८५७ बद्दल आपल्याला नीट सांगता यावे म्हणून जाण्यापूर्वी पालकांनी थोडी उजळणी करावी, ही विनंती.

दारे बंद झाली तेव्हा

२०१८ साली मोठ्या नूतनीकरणासाठी संग्रहालय बंद झाले. सुमारे तीन कोटी पौंडांचे काम होऊन जून २०२१ मध्ये ते एका विश्वस्त संस्थेच्या ताब्यात नव्याने उघडले. प्रौढांचे तिकीट १३ पौंड झाले. गावकरी नाराज झाले. बागेत पाय मोकळे करायलाही पैसे द्यायचे का, असा त्यांचा सवाल होता, आणि आमच्या मते तो बरोबरच होता. त्यात करोनानंतरचे दिवस. अपेक्षेइतके लोक आले नाहीत, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये संस्था दिवाळखोरीत जाऊन दारांना कुलूप लागले. शाळेच्या सहली रद्द झाल्या, कामावरच्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. नगरपालिकेने कारभार परत आपल्याकडे घेऊन २६ जून २०२३ रोजी संग्रहालय पुन्हा उघडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नगरपालिकेनेच आपला जमाखर्च जुळत नसल्याचे कायदेशीर जाहीर केले. तरी किल्ला उघडा राहिला.

हे सगळे सांगण्याचे कारण, आपल्यापैकी अनेक जण तिकीट पाहून दारातूनच परत फिरतात. चार जणांचे पैसे जोडले की आकडा मोठा दिसतो हे खरे. पण २०२३ मध्ये उघडताना ठेवलेले १५ पौंडांचे तिकीट वर्षभर पुन्हा पुन्हा चालणारे होते. वर्षात दोनदा पाहुणे येणाऱ्या घराला ते परवडते. दर आणि नियम बदलत असतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी पाहून घ्यावेत. गुहेच्या फेरीची वेळही तेव्हाच ठरवावी.

जाण्याची सोय

नॉटिंगहॅम स्टेशनपासून किल्ल्याचा दरवाजा पायी साधारण पंधरा मिनिटांवर आहे. चालायचे नसेल तर ट्रामने ओल्ड मार्केट स्क्वेअरला उतरावे. तिथून वाट कमी चढाची आहे. याच चौकात १८३१ चा जमाव जमला होता. गाडी आणायची असेल तर गावाबाहेर ट्रामच्या स्टॉपजवळ ठेवून ट्रामने येणे सोयीचे, कारण किल्ल्याजवळचे पार्किंग महाग आणि तुटपुंजे आहे.

दरवाजातून वाड्यापर्यंत चांगला चढ आहे. ज्येष्ठांना बरोबर नेणार असाल तर तिकीटखिडकीवर मदतीची चौकशी आधीच करावी. वर हवा बोचरी असते, मे-जूनमध्येही स्वेटर आणि कानटोपी सोबत असू द्या. वाड्यामागच्या गच्चीवरून दक्षिणेकडचे सगळे खोरे दिसते. ट्रेंट ब्रिजचे क्रिकेट मैदानही फार दूर नाही. २००७ साली श्रीरामपूरच्या झहीर खानने तिथे नऊ बळी घेऊन भारताला कसोटी जिंकून दिली होती, त्यामुळे घरातल्या क्रिकेटवेड्यांना एक दिवसाचा बेत पटवून देणे कठीण नाही.

कड्याच्या पायथ्याशी खडकाला टेकून एक जुनी खानावळ आहे, "ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम". भिंतीवर ११८९ हे साल रंगवले आहे. इमारत सतराव्या शतकाच्या आसपासची, पण मागच्या खोल्या खडकात कोरलेल्या आहेत. त्या नुसत्या बघायला गेलात तरी चालते. शाकाहारी मंडळींनी मात्र डबा बरोबर ठेवावा. किल्ल्याच्या हिरवळीवर बसून थालीपीठ खाताना आम्हाला आजवर कोणी हटकलेले नाही.